चेहऱ्यापासून किती लांब उभं राहायचं? : लेन्सच्या निवडीविषयी



आजचा विषय आमच्या नेहमीच्या वाटेपासून थोडा बाजूला आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, पण गळ्यात कॅमेराही बरीच वर्षं राहिला. त्यामुळे व्याख्यान संपल्यावर पुष्कळदा कुणीतरी हळूच जवळ येतं आणि विचारतं, “सर, माणसांचे फोटो काढायचेत. पन्नासची लेन्स घेऊ की पंच्याऐंशीची?”

एका ओळीत उत्तर हवं असेल तर देऊन टाकतो. कॅमेरा फुल फ्रेम असेल तर ८५ मिलिमीटर, क्रॉप सेन्सरचा असेल तर ५० मिलिमीटर. दुकानदारही बहुधा हेच सांगेल, आणि त्याचं काही चूक नाही. पण हे उत्तर का बरोबर आहे आणि ते कुठे लागू पडत नाही, हे कळलं नाही तर लेन्स घेऊनही माणूस चाचपडत राहतो. म्हणून आज त्या ‘का’कडे वळू.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. लेन्स घेताना आपण मुळात अंतर निवडत असतो. समोरच्या माणसापासून आपण किती लांब उभे राहणार आहोत, हे आधी ठरवायचं. ते ठरलं की मिलिमीटरचा आकडा त्यामागून येतो.

चेहरा कोण बदलतं?

सर्वांत रूढ समजुतीपासून सुरुवात करू. लोक म्हणतात, वाइड लेन्स नाक मोठं करते आणि टेलि लेन्स चेहरा चपटा करते. अनुभव खरा आहे, कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. नाकाचा आणि कानाचा आकार एकमेकांच्या तुलनेत किती दिसणार, हे लेन्स ठरवत नाही. ते अंतर ठरवतं.

साधं गणित करून बघा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर सुमारे १२ सेंटिमीटर धरू. आता हातात फोन धरून सेल्फी काढली. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे कानापासून ५२ सेंटिमीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे नाक कानाच्या तुलनेत सुमारे ३० टक्के मोठं उमटणार. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हा फरक ८ टक्क्यांवर येतो. तीन मीटरवर ४ टक्के. बस्स, एवढंच आहे. “फोनमध्ये माझं नाक असं का दिसतं?” या तक्रारीचं उत्तर नाकात नाही आणि फोनच्या कंपनीतही नाही. ते आपल्या हाताच्या लांबीत आहे.

पटत नसेल तर घरीच प्रयोग करा. एका जागी स्टूल ठेवून कुणाला तरी बसवा. दीड मीटरवरून ३५ मिलिमीटरवर एक फोटो काढा आणि जागा न बदलता ८५ मिलिमीटरवर दुसरा. मग पहिल्या फोटोतला फक्त चेहऱ्याचा भाग कापून मोठा करा. दोन्ही चेहऱ्यांची ठेवण तंतोतंत सारखी दिसेल. पहिला कदाचित कमी स्पष्ट असेल, पण नाक, डोळे, कान यांचं प्रमाण तेच राहील.

मग लेन्स करते काय? त्या अंतरावरून चौकटीत किती मावणार, एवढंच ती ठरवते. पण माणूस चौकट भरण्याच्या मोहापायी पुढे-मागे सरकतो. हातात ३५ असली आणि चेहऱ्याने चौकट भरायची असली की तो जवळ जातो, आणि दोष लेन्सवर येतो. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही याला कारण आणि सहचर यांची गल्लत म्हणायचो. दोन गोष्टी नेहमी बरोबर दिसतात, म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

मिलिमीटरचं मीटरमध्ये भाषांतर

आता हे उपयोगात आणू. फुल फ्रेम सेन्सर म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीचा भाग चौकटीत घ्यायचा आहे. तर ३५ च्या लेन्सने आपल्याला सुमारे ६० सेंटिमीटरवर उभं राहावं लागेल. ५० च्या लेन्सने ९० सेंटिमीटरवर, ८५ च्या लेन्सने दीड मीटरवर, १३५ च्या लेन्सने जवळपास अडीच मीटरवर आणि २०० च्या लेन्सने साडेतीन मीटरवर.

या आकड्यांकडे क्षणभर माणसांच्या नजरेने बघा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’ या पुस्तकात माणसांमधल्या अंतरांची प्रतवारी मांडली. सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत निकटचं अंतर, तिथून १.२ मीटरपर्यंत वैयक्तिक, ३.६ मीटरपर्यंत सामाजिक आणि त्यापुढे सार्वजनिक. ही मापं प्रत्येक समाजात वेगळी असतात, हे हॉल यांनीच बजावून सांगितलं होतं. आपल्याकडे लोकलच्या डब्यात निकट काय नि सार्वजनिक काय! पण कल्पना मोलाची आहे. ३५ ने चेहरा भरून घेतला की आपण आईने मुलाजवळ यावं तितके जवळ आलेलो असतो. ८५ ने घेतला की टेबलाच्या पलीकडे बसलेल्या स्नेह्याइतके. २०० ने घेतला की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाइतके लांब.

८५ ते १०५ या लेन्स व्यक्तिचित्राच्या म्हणून ओळखल्या जातात, त्याचं कारण इथे आहे. दीड-दोन मीटर हे गप्पांचं अंतर आहे. आपल्या माणसांचे चेहरे आपल्या मनात बहुतेक याच अंतरावरून ठसलेले असतात, म्हणून तिथून काढलेला चेहरा ओळखीचा वाटतो. शिवाय तिथून आवाज न चढवता बोलता येतं. “आजी, जरा खिडकीकडे बघता का?” हे कुजबुजून सांगता येतं. पाच मीटरवरून तेच ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते आपल्याला नको असतं.

पण खोली दहा बाय दहाची आहे

इथे बाजारातलं ठरावीक उत्तर अडखळतं. आजीचा पूर्णाकृती फोटो हवा आहे, पायापासून डोक्यापर्यंत, वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून. म्हणजे साधारण १.८ मीटरचा भाग चौकटीत यायला हवा. ८५ च्या लेन्सने त्यासाठी सव्वाचार मीटरहून जास्त अंतर लागेल. दहा फुटी खोली म्हणजे तीन मीटर. आजी भिंतीपासून थोड्या पुढे उभ्या, आपण समोरच्या भिंतीला पाठ टेकलेली. मग उरतं किती? तिथे ८५ निरुपयोगी. ५० च्या लेन्सला अडीच मीटर लागतात, ते कसंबसं जमेल. ३५ ला पावणेदोन-दोन मीटर, ते आरामात जमेल. आणि एवढ्या अंतरावर ३५ मुळे चेहरा मुळीच बिघडत नाही, कारण आपण लांब उभे आहोत. गणित मघाशी केलंच.

क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा हिशेब आणखी ताणतो. निकॉन, सोनी, फुजी यांच्या अशा कॅमेऱ्यांत आकड्याला दीडने गुणायचं, कॅननमध्ये १.६ ने. म्हणजे ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते. अंगणात, गच्चीवर, ओसरीवर ती उत्तम. पण आपल्या फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात पूर्णाकृती चित्राला तिला जवळपास चार मीटर लागतात. अशा घरात ३५, किंवा त्याहून थोडी वाइड लेन्स, हीच खरी घरगुती लेन्स.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरात टेप घेऊन फिरा. जिथे फोटो काढणार ती जागा मोजा. विनोद वाटेल, पण या सल्ल्याने वाचतात तेवढे पैसे दुसऱ्या कशाने वाचत नाहीत.

अपर्चर : पार्श्वभूमी किती पुसायची?

दुसरा प्रश्न नेहमीचा : “एफ १.८ घेऊ की १.४?” लेन्सचं छिद्र जितकं मोठं, तितका प्रकाश जास्त आणि स्पष्टतेची खोली कमी. हा प्रकाशाचा मुद्दा व्यक्तिचित्राच्या जन्मापासून आहे. १८३९ मध्ये डागेरच्या तंत्राची घोषणा झाली तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या, की माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नात जोझेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने आकडेमोड करून सुमारे एफ ३.६ ची लेन्स रचली आणि फोइग्टलेंडर यांनी ती तयार केली. त्याआधीच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त प्रकाश घेई. माणसाच्या चेहऱ्यासाठी म्हणून मांडलेली ही पहिली महत्त्वाची लेन्स. एका प्राध्यापकाची कामगिरी म्हणून आम्हांला तिचं जरा जास्तच कौतुक!

आज सेन्सर इतके संवेदनशील आहेत की निव्वळ प्रकाशासाठी १.४ घेण्याची निकड फारशी राहिलेली नाही. लोक मोठं अपर्चर घेतात ते पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी. तिथेही आकडे बघा. ८५ ची लेन्स दीड मीटरवर एफ १.८ ला उघडली तर स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. माणसाने मान थोडी वळवली की जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा धूसर. एफ ४ ला हा पट्टा साडेसात सेंटिमीटर होतो आणि ५.६ ला दहा. शांत बसलेल्या एका माणसाला २ किंवा २.८ चालेल. हलणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाला ४. दोघं-तिघं मागे-पुढे बसले असतील तर ५.६ किंवा त्याहून लहान छिद्र.

आणखी एक गोष्ट. चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला आणि अपर्चर तेच ठेवलं, तर ५० आणि ८५ च्या स्पष्टतेच्या खोलीत जवळपास फरक नसतो. ८५ मध्ये पार्श्वभूमी जास्त विरघळल्यासारखी वाटते, कारण लांबची लेन्स मागचा छोटासा तुकडा उचलते आणि तो मोठा करून दाखवते.

पण प्रत्येक वेळी पार्श्वभूमी पुसायची कशाला? शिंप्याच्या मागचं मशीन, आजीच्या मागचं देवघर, शिक्षकाच्या मागचा फळा हे त्या माणसाच्या ओळखीचाच भाग असतात. चेहरा तेवढा खरा आणि जग म्हणजे अडगळ, असं धूसर पार्श्वभूमी न बोलता सांगून जाते. कधी ते योग्य असतं, कधी अन्यायाचं. वाइड लेन्स माणसाला त्याच्या जगासकट दाखवते. निवड करताना हाही विचार असावा.

कॅन्डिड : न कळत, की न जाणवत?

आता अवघड भाग. कॅन्डिड म्हणजे माणूस आपल्या नादात असताना काढलेला फोटो. यासाठी दोन उलट सल्ले मिळतात. एक म्हणतो, २०० ची लेन्स घ्या आणि लांबून टिपा, कळणारही नाही. दुसरा म्हणतो, ३५ घ्या आणि गर्दीत मिसळा.

इतिहासात दोन्ही वाटा आहेत. वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. अंतर फार नव्हतं, गुप्तता होती. त्या फोटोंचं पुस्तक मात्र १९६६ मध्ये आलं. फिलिप-लोर्का डिकॉर्शिया यांनी नव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅश लावून ठेवले आणि लांबच्या लेन्सने वाटसरूंचे चेहरे टिपले. त्यांतल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी आपल्या धर्मश्रद्धेचा हवाला देऊन दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये तो फेटाळला. छायाचित्र ही कला आहे आणि तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असा निर्वाळा दिला. कायद्याचा प्रश्न त्या शहरापुरता सुटला. नीतीचा सुटला का? त्या गृहस्थांची बाजू आजही विचारात पाडते.

याउलट आंरी कार्तिए-ब्रेसाँ बहुतांशी ५० च्या लेन्सने काम करत. छोटा लायका कॅमेरा, चपळ पावलं आणि दोन-चार मीटरचं अंतर. ते समोर दिसत होते, पण खुपत नव्हते.

सार्त्र यांनी १९४३ च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’मध्ये एक प्रसंग कल्पिला आहे. एक माणूस कुलपाच्या भोकातून आत डोकावतोय. तोपर्यंत तो केवळ एक नजर आहे. तेवढ्यात मागे पावलं वाजतात, आणि त्याला एकदम जाणवतं की आपणही कुणाला तरी दिसतोय. मग तो लाजेने चूर होतो. लांबच्या लेन्सचा खरा मोह इथे आहे. आपण बघायचं आणि कुणी आपल्याला बघायचं नाही. जवळची लेन्स ही मुभा देत नाही. तिच्यासोबत आपणही दिसतो, आपल्यालाही कुणी विचारू शकतं, “कशाला काढताय?” आणि आपल्याला उत्तर द्यावं लागतं.

वारीचं उदाहरण घ्या. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढत असते तेव्हा कडेला मोठमोठ्या लेन्सच्या रांगा लागतात. तिथून घाटाचं वळण, पताकांची दाटी अप्रतिम येते आणि त्यासाठी ७०-२०० योग्यच. पण एखाद्या वारकरी बाईच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि प्रसन्नता एकत्र टिपायची असेल, तर ३५ किंवा ५० घेऊन चार पावलं तिच्यासोबत चाला. “माउली, फोटो काढू का?” असं विचारा. ती हसेल, पदर सारखा करेल, क्षणभर कॅमेऱ्याकडे बघेल. घाई करू नका. दोन मिनिटांनी तिला तुमचा विसर पडेल आणि ती पुन्हा अभंगात रमेल. तेव्हा काढलेला फोटोही कॅन्डिडच असतो. तिला फोटो काढला जातोय हे माहीत आहे, फक्त त्या क्षणी जाणवत नाही. न कळत आणि न जाणवत यांच्यात एवढं अंतर आहे.

लांबची लेन्स वाईट, असं आमचं म्हणणं नाही. नाटकाच्या रंगमंचावर, लग्नात सप्तपदी चालू असताना, खेळात गुंगलेल्या मुलांपाशी आपण जवळ गेलो तर प्रसंगच मोडतो. तिथे लांब राहणं हाच आदर. शिवाय तिथल्या माणसांना फोटो काढले जाताहेत हे ठाऊक असतं. प्रश्न मिलिमीटरचा नाही. लांब राहिलो ते समोरच्यासाठी की आपल्या भिडस्तपणासाठी, एवढं स्वतःला विचारावं.

आणि जवळ गेलं की सगळं निभावलं, असंही नाही. स्टीव्ह मॅक्करी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत एका अफगाण मुलीचं चित्र १०५ च्या लेन्सने काढलं. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावरून तो चेहरा जगभर गेला. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला कळायला २००२ साल उजाडलं. चेहरा मिळाला, नाव राहून गेलं. म्हणून आमचा नेम असा : ज्याचं व्यक्तिचित्र काढायचं त्याचं नाव आधी विचारायचं, आणि फोटोची एक प्रत त्याच्यापर्यंत पोहोचवायची.

तर मग काय घ्यायचं?

आधी काहीच घेऊ नका. संगणकावर आपले जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ नोंदलेली असते. आवडलेले माणसांचे पन्नास फोटो निवडा आणि आकडे लिहून काढा. आपला कल कुठे आहे ते तासाभरात कळेल.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ असेल तर एक आठवडा ती ३५ वर ठेवा, झूम हलवायची नाही. दुसरा आठवडा ५५ वर. पाय पुढे-मागे हलतील आणि आपल्याला कोणत्या अंतरावर मोकळं वाटतं ते उमगेल. क्रॉप सेन्सरवर ५५ म्हणजे ८२ च्या आसपास, म्हणजे व्यक्तिचित्राची लेन्स आपल्याकडे आधीच आहे. तिचं अपर्चर तिथे ५.६ च असतं, पण खिडकीच्या उजेडात त्याने सुंदर चेहरे येतात.

नंतर घ्यायचीच असेल तर, घरात आणि रस्त्यावर माणसं त्यांच्या जगासकट हवी असतील तर ३५ सारखी. एकच लेन्स परवडणार असेल तर ५० ची एफ १.८, हलकी आणि सगळ्यांत स्वस्त. बसवून, गप्पा मारत चेहरे काढायचे असतील तर ८५ ची एफ १.८. समारंभ, रंगमंच यांसाठी ७०-२००. पण तिची एफ २.८ ची आवृत्ती जड असते, खांद्याला विचारून घ्या. हे आकडे फुल फ्रेमचे, क्रॉपसाठी दीडने भागा. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी दोन पावलं मागे जावं आणि दुप्पट झूमवर चेहरा घ्यावा. फुकटात निम्मं काम होतं.

हलणाऱ्या माणसांसाठी शटर १/२५० च्या खाली शक्यतो नेऊ नका, आणि फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. बाकी सगळं सरावाने येतं.

शेवटी एवढंच. चांगल्या व्यक्तिचित्रात बघणाऱ्यालाही कळतं की हा फोटो काढणारा किती लांब उभा होता. गप्पांच्या अंतरावर होता, भिंतीआड होता, की उगाच अंगावर आला होता. लेन्सवरचा आकडा त्या फोटोत दिसत नाही, आपली उभं राहण्याची जागा मात्र दिसते. ती आधी ठरवा, मग दुकानात जा.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या व्याख्यानात घेऊ.